अहमदभाईंना पाठ असलेला तक्ता

मी बडबडी आहे. पेणपासून रोह्यापर्यंत कुणालाही विचारा, मंडळाच्या मालूबाई म्हटलं की लोक आधी हसतात आणि मग कानांवर हात ठेवतात. ठेवू देत मेले. बावीस वर्षं नर्स म्हणून खाडीकाठची गावं पालथी घातली, ती काय मुक्यानं? पण एकदा मी मुद्दाम गप्प राहिले. फार तर अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटाचं सांगायचं तर आधी अहमदभाईंचं सांगायला हवं.

अहमद मुकादम आमच्या खाडीपट्टा आरोग्य मंडळाच्या जीपचे ड्रायव्हर. मंडळ म्हणजे फार मोठं काही नाही. पेणला कौलारू दवाखाना, रोज वेगळ्या गावी जाणारी एक जीप, अकरा माणसं आणि वर आमचे दिनानाथ डॉक्टर. डॉक्टरांना शिस्तीची भारी हौस. दर महिन्याला 'आपली माणसं' नावाचं सायक्लोस्टाइल पत्रक काढायचे. कुणाच्या घरी पाळणा हलला, कुणाला कुठलं प्रशिक्षण मिळालं, कर्मचाऱ्यांनी तब्येत कशी सांभाळावी, सगळं त्यात. मजकूर मी लिहायचे, कारण बातम्या आधी माझ्याकडेच यायच्या.

अहमदभाई उंच, हाडकुळे, दाढीला मेंदी, खाकी शर्टाला अत्तराचा वास. मुलगा सुफियान सौदीला, घरी बायको मुनीरा. पोरगा म्हणायचा, अब्बा, आता बसा घरी. हे कुठले बसतात! जीप म्हणजे त्यांचा जीव. बाळंतिणीला न्यायचं असलं तर गादी आदल्या दिवशी उन्हात टाकायचे. माझ्या मोरूला आठव्या वर्षी फुरसं चावलं, तेव्हा भर पावसात कासूहून पेणपर्यंत ह्याच माणसानं गाडी आणली. दिवा एकच लागत होता, रस्त्यावर ओढे आलेले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. माझं पोर आज नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जातं ते अहमदभाईंच्या डोळ्यांच्या जोरावर. हे मी कधी विसरले नाही, आणि तिथंच माझं चुकत गेलं.

आमच्याकडे माणसं कमी, म्हणून जो तो पडेल ते काम करायचा. गावात नेत्रतपासणी असली की जीप लावून अहमदभाई मोकळे. मग अक्षरांचा तक्ता भिंतीला टांगायचा आणि छडीनं एकेक अक्षर दाखवायचं, हे काम त्यांचं. चौदा वर्षं दाखवत होते. म्हाताऱ्यांना मोठ्या प्रेमानं म्हणायचे, "घाबरू नको गो आये, सावकाश सांग."

एक गोष्ट मात्र त्यांच्या मनात घर करून बसली होती. एक्याण्णव साली दुसऱ्या एका संस्थेनं मोतीबिंदूचं शिबिर घेतलं, आणि आमची जीप माणसं पोचवायला मागून नेली. डोळ्याला पट्टी बांधलेली अकरा माणसं अहमदभाईंनी एकेकाच्या दारात सोडली. त्यातल्या चौघांचे डोळे सडले. आठवड्यानं कासूच्या एका म्हातारीला परत आणायला गेले, तर ती भर दुपारी ओटीवर बसलेली. त्यांच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "पोरा, उजाडलं काय रं?" हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

शहाण्णवच्या जानेवारीत कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी झाली. वजन, रक्तदाब, नजर. नजर तपासायचं काम माझं. जुना तक्ता पिवळा पडून कोपऱ्यांत फाटला होता, म्हणून डॉक्टरांनी मुंबईहून नवा मागवला. त्याच दिवशी सकाळी तो आला आणि मी लगेच लावला. सगळ्यांचं उरकलं, लोक चहाला गेले, शेवटी अहमदभाई आले. वीस फुटांवरच्या रेघेवर उभे राहिले. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला आणि मी छडी उचलायच्या आत सुरू झाले.

"र. ग, ल. न, प, ट..."

खणखणीत आवाजात, एक अक्षर न अडखळता, खालच्या बारीक ओळीपर्यंत. मग उजवा डोळा झाकला आणि पुन्हा तेच. मला आधी वाटलं, थट्टा करतायत. मी तक्त्याकडे बघितलं. सगळ्यात वर पंज्याएवढं अक्षर होतं ते 'त'. पुढच्या कुठल्याच ओळीत र नव्हता की ग नव्हता. जो तक्ता मी सकाळी उतरवून कपाटामागे टाकला होता, तो हा माणूस मला वाचून दाखवत होता.

मी म्हटलं, "अहमदभाय, तक्ता नवा लावलाय."

हात डोळ्यावरून खाली आला. "कवा?"

"सकाळी."

ते बाकावर बसले. बसायच्या आधी बाक कुठं आहे ते हातानं चाचपलं. रोज डोळ्यांसमोर हा माणूस, आणि हे चाचपणं मला कधी दिसलं नव्हतं.

"किती दिसतं तुम्हाला? खरं सांगा हां, मला बनवू नका."

"पांढरं दिसतं. हायवेच्या कडंचे चुना लावलेले दगड दिसतात. ते डाव्या अंगाला एक हातावर ठेवायचे, मग गाडी बरोबर जाते. बाकी रस्ता मना पाठ हाय."

"आणि माणसं?"

"माणसं आवाज करतात, बाय."

मी भडकलेच. म्हटलं, लाज वाटत नाही? गरोदर बाया बसतात तुमच्या मागं! ऑपरेशन करून घ्या, आजच डॉक्टरांना सांगते. त्यांनी एवढंच म्हटलं, "त्या अकरांना मीच घरी सोडलंय. मना त्या टेबलावर झोपवू नको गो. पुढल्या मार्चला मी रिटायर होतो. तवर सांभाळ. घरी बसलो तर मुनीरा हाताला धरून मशिदीपर्यंत नेईल."

 मला मोरू दिसला, निळा पडलेला. मी रजिस्टर ओढलं, दोन्ही डोळ्यांपुढे सहा बाय सहा, म्हणजे नजर अगदी उत्तम, असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.

मग आमचं जे काही सुरू झालं त्याला काय म्हणावं! जीपमध्ये पुढची जागा मी बळकावली आणि तोंड सोडलं. "अगोबाई, ती बैलगाडी बघा, डाव्या कडेनं कशी रेंगाळत चाललीय!" "मेला एसटीवाला, समोरनं कसा अंगावर येतोय!" "चार पोरी रस्ता ओलांडायला उभ्या, एकीनं तरी वेणी नीट घातलीय का?" अहमदभाई मान डोलवायचे आणि त्याप्रमाणे चाक वळवायचे, ब्रेक दाबायचे. मागची माणसं वैतागायची. "मालूबाई, जरा श्वास घ्या." कुणाला शंका आली नाही, कारण मी अशी बोलतेच. माझ्या जिभेचा कधी कुणाला उपयोग झाला असेल तर तो तेव्हा, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला त्याची ऐटही वाटली.

ऐट उतरायला वेळ लागला नाही. चैत्रात कासूच्या फाट्यावर मला ठसका लागला. दोन-तीन खोकले, बस्स. तेवढ्यात मासळीची पाटी घेतलेली एक बाई कडेनं चालली होती, अनवाणी, आवाज न करता. जीपच्या आरशानं तिची पाटी उडवली. बाई वाचली. तिनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि अहमदभाई खाली उतरून एकेक बोंबील वेचायला लागले. वेचताना हात धुळीत भलतीकडेच फिरत होता. मी त्यांच्या हातात बोंबील देत राहिले, माणसांना दिसू नये म्हणून. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. पुढं रोज सकाळी जीपचा हॉर्न ऐकला की मी आधी खडीसाखर तोंडात टाकायचे, ठसका नको म्हणून.

ऑपरेशनचं काढलं की म्हणायचे, ईद होऊ दे. ईद झाली. पावसाळा सरू दे. पावसाळाही सरला. त्यात डॉक्टरांनी ऑक्टोबरच्या सभेत त्यांचा सत्कार ठेवला, चौदा वर्षांत एकही अपघात नाही म्हणून. शाल आणि नारळ. डॉक्टर उजवीकडून शाल घेऊन आले आणि हे डावीकडे हात जोडून उभे. मी मागून त्यांना कोपरानं ढकललं तेव्हा वळले. लोक हसले, म्हणाले, लाजले अहमदभाई. पत्रकात ती बातमी मीच लिहिली. 'ज्यांच्या नजरेवर आपण सारे विसंबतो', असं पहिलं वाक्य होतं. काय अवदसा आठवली होती मला, देव जाणे.

नोव्हेंबरात डॉक्टरांनी मला बोलावलं. रोह्याला आठ दिवसांचं प्रशिक्षण होतं, नेत्रतपासणीचंच. ते करून आलं की त्या कामाची स्वतंत्र जागा मिळणार. "तुमच्या नोंदी चोख असतात," डॉक्टर म्हणाले. मला हसावं की रडावं कळेना. पूर्वी दोनदा माझं प्रशिक्षण हुकलं होतं, एकदा नवरा गेला तेव्हा आणि एकदा दुसरीचं नाव वर सरकलं तेव्हा. नाही म्हणायला हवं होतं. नाहीतर तिथल्या तिथं खरं तरी सांगायला हवं होतं. मी 'जाते' म्हटलं. मला जायचं होतं, एवढंच.

माझ्या जागी पुढं बसायला मी फ्लोराला सांगितलं. फ्लोरा आमची धाकटी नर्स, रोह्याजवळच्या वरश्याची. तिच्या ज्यू समाजाची बाकीची घरं इस्राएलला गेलेली, हिचं एकच उरलेलं, आणि हिचेही कागद चालले होते. गुणी पोरगी, पण तिच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दात काढल्यासारखं.

"पुढं बस आणि बोलत राहा," मी म्हटलं. "अहमदभाईंना पेंग येते."

"मी काय बोलू, मालूताई?"

"रस्त्यात दिसेल ते बोल गो. काहीही."

खरं कारण तिलासुद्धा सांगितलं नाही. कोण कुठली पोर, तिच्यावर कशाला ओझं, असं मनाला समजावलं.

रोह्याला सातव्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी आम्हाला तेल फासलेल्या काचांचे चष्मे दिले. म्हणाल्या, पिकलेल्या मोतीबिंदूतून असं दिसतं, चाला बघू. मी दोन पावलं टाकली आणि टेबलावर आपटले. खोली नव्हती, दार नव्हतं, माणसं नव्हती. फक्त त्या बाईंची पांढरी साडी, तीही नुसता एक उभा पट्टा. मी चष्मा काढून टेबलावर टाकला. दहा महिने हे असं बघून हा माणूस हायवेला गाडी चालवतोय आणि आपण शेजारी बसून त्याला चालवू देतोय! रात्रभर पाठ टेकली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी आमचा दवाखाना हायवेवरच्या खांब गावी असतो. प्रशिक्षण सकाळीच आटोपलं, म्हणून मी पेणला न जाता एसटीनं खांबला उतरले. जीप पेणहून तिथंच येणार होती. उन्हं चांगली वर आलेली, रस्ता लख्ख. वाट बघता बघता मनात आलं, आज डॉक्टरांना सांगायचंच. पण लगेच दुसरं मन म्हणालं, बाई, एका माणसाची अब्रू घालवायच्या आधी एकदा बघ तरी. कदाचित त्या तेलकट काचेपेक्षा बरं दिसत असेल. आपण आवाज न करता उभं राहू. त्यांनी ओळखून गाडी थांबवली, तर मार्चपर्यंत तोंड बंद. नाही थांबवली, तर आज संध्याकाळी डॉक्टरांपुढे उभी.

अशी पैज मी माझ्याशीच लावली. अंगावर युनिफॉर्मची पांढरी साडी. नीट दिसावं म्हणून कडेवरून दोन-तीन पावलं डांबरावर आले, हात वर केला आणि गप्प उभी राहिले.

जीप वळणावरून आली. हळू चालवत होते, नेहमीसारखी. पुढं फ्लोरा दिसली. जीप सरळ आली आणि मग तिनं सावकाश उजवीकडे तोंड वळवलं. मी त्यांच्या डाव्या अंगाला एक हातावर राहीन, अशा बेतानं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी त्यांना दगड दिसत होते. ते मला धरून गाडी चालवत होते.

माझ्या मागून, कोलाडकडून, ट्रक आला होता. मी किंचाळले, "अहमदभाय!"

त्यांनी आवाज ओळखला. चाक वळवलं नाही, मान वळवली. माझ्याकडे बघून, म्हणजे माझ्या आवाजाकडे बघून, हसले. मग ट्रक आला.

अहमदभाई जागीच गेले. मागं त्या दिवशी कुणी बसलं नव्हतं, तेवढं नशीब. फ्लोराच्या बरगड्या मोडल्या, हात मोडला. पेणच्या दवाखान्यात तिला बघायला गेले तर रडत मला म्हणते, "मला बोलायला जमलं नाही, मालूताई. तुम्ही सांगितलं होतंत. ते म्हणाले, पांढरा दगड आला, आता खांब. मी म्हटलं, नाही हो, त्या आपल्या मालूताई आहेत. पण मी फार हळू बोलले." मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताची मला शिसारी आली.

ट्रकवाला होता काळुराम, माणगावकडचा. पोलिसांना सारखं सांगत होता, जीप माझ्या अंगावर आली. त्याचं कोण ऐकतो? एकीकडे चौदा वर्षं अपघात नसलेला माणूस, त्याचा सत्कार छापलेलं पत्रक, आणि मंडळाच्या रजिस्टरात सहा बाय सहा. पोलिसांनी डॉक्टरांसमोर मला विचारलं, सही तुमचीच? म्हटलं, हो. नजर नीट तपासली होती? बाजूला मुनीरा ओढणीत तोंड घालून बसली होती. सुफियान त्याच दिवशी सौदीहून उतरला होता. मी म्हटलं, हो. ट्रक जोरात होता का? म्हटलं, हो. तीन वेळा हो म्हटलं, आणि काळुरामचं लायसन गेलं, वर खटला उभा राहिला.

मंडळानं मला पंधरा दिवस रजा दिली. पत्रकात डॉक्टरांनी स्वतः लिहिलं, कर्मचाऱ्यांनी मनावरचा ताण सहकाऱ्यांशी बोलून हलका करावा. मी कुणाशी बोलले नाही. मोरू म्हणायचा, आई, घरात भुतासारखं वाटतं, काहीतरी बोल की. फेब्रुवारीत फ्लोरा इस्राएलला गेली. जाताना माझ्या पाया पडली, आणि मी पडू दिलं. नेत्रतपासणीची नवी जागा मात्र मला मिळाली.

तेच काम करत मार्चमधल्या एका गुरुवारी खांबला बसले होते. शेवटचा माणूस आत आला आणि दाराशीच थांबला. मी ओळखलं. जामिनावर सुटला होता. दाढी वाढलेली, शर्ट दोन मापं मोठा झालेला. त्यानं मला ओळखलं की नाही, कळलं नाही.

"बाय, माजे डोळे तपासा," तो म्हणाला. "सगळे म्हणतात तुला जीप दिसली नाय. बायकोपण म्हणते. मना वाटतं व्हती दिसली. पण आता मनापण खरं वाटेना."

मी त्याला रेघेवर उभं केलं. एक डोळा झाकायला सांगितलं. मी छडी धरली आणि त्यानं वरच्या 'त'पासून खालच्या शेवटच्या बारीक ओळीपर्यंत सगळं वाचलं. एक अक्षर चुकलं नाही. मग दुसरा डोळा. तेही सगळं. वाचून झाल्यावर हात खाली करून तो माझ्याकडे बघत राहिला.

"चांगले हायत?"

"चांगले आहेत."

"मग मना जीप कशी नाय दिसली, बाय?"

बाहेर हायवेवरून गाड्या जात होत्या. मी छडी टेबलावर ठेवली.

"तुला दिसली होती, काळुराम," मी म्हटलं. "त्यांना तू दिसला नव्हतास. बस इथं. मी डॉक्टरांना बोलावते, त्यांच्यासमोर सांगते."